पाय दिसण्याआधीची हाळी

गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका, मला सांगता यायचं नाही. तेव्हा ढग डोंगरावर राहत आणि काही माणसं ढगांच्याही वर राहत, एवढंच मला ठाऊक आहे. लहानांनो, जवळ सरका. मोठ्यांनो, तुम्हीही सरका. खरं तर ही गोष्ट तुमच्याचसाठी आहे, मुलांना मी नुसतं निमित्ताला धरलं आहे.

एका उंच पठारावर एक गाव होतं. रोज पहाटे खालची सगळी दरी धुक्यानं भरून जायची. गावातून पाहिलं तर खाली जमीनच नाही असं वाटे. नुसतं पांढरं, मऊ, हळूहळू हलणारं काहीतरी, आणि त्याच्या काठावर आपलं गाव. बायका सकाळी अंगण झाडून केर त्या धुक्यात लोटत. केर पुढं कुठं जातो, याचा विचार कोणी करत नसे.

गावात यायला एकच वाट होती. कड्याला एक अरुंद चीर होती आणि तिच्यात पायऱ्या खोदलेल्या होत्या. वाटेच्या माथ्यावर, अगदी कड्याच्या टोकाला, एक सपाट खडक होता. त्या खडकावर एक माणूस रोज पहाटेपासून उभा राही आणि खालून कोण येतं ते पाही. काही वावगं दिसलं की तो गावाला हाळी देई, म्हणून त्याला हाळकरी म्हणत. त्याचा बाप हाळकरी होता, आजा हाळकरी होता, आणि त्याच्या मागचं कोणाला आठवत नव्हतं.

आता त्या हाळीची गंमत ऐका. आपण काय करतो, कोणी अंगावर आलं की ‘हल्ला, हल्ला’ ओरडून मोकळे होतो. त्या गावात हा शब्द कोणी वापरत नसे. ‘हल्ला म्हटल्यानं कळलं काय?’ असं ते विचारत. बिबट्या आला की माणूस आला? एकटा आला की घोळका आला? लपायचं की काठी घ्यायची? म्हणून जुन्या माणसांनी अंगावर येण्याचे सगळे प्रकार तांदळातले खडे निवडावेत तसे निवडून वेगळे केले होते. प्रत्येकाला वेगळा शब्द दिला होता, वेगळी चाल दिली होती आणि वेगळं काम लावून दिलं होतं.

‘झडप’ म्हणजे जनावर. बिबट्या, लांडगा, घार, काहीही. हा शब्द मध्येच तोडून म्हणायचा. तो ऐकला की गुराखी शेरडं आत घेत आणि बाकीचे आपलं दळण दळत बसत. ‘धाड’ म्हणजे चोर. मग बायका धान्याच्या पेवावर दगड सरकवत आणि बाप्ये काठ्या घेऊन बाहेर पडत. ‘छापा’ म्हणजे थोडीच माणसं, पण हत्यार घेतलेली आणि अचानक आलेली. तेव्हा वेशीला अडसर पडे. ‘वेढा’ म्हणजे चहूकडून आलेली पुष्कळ माणसं. त्या वेळी चुली विझवायच्या, रांजण भरायचे आणि पोरांना घरात घ्यायचं.

आणि शेवटचा शब्द ‘चढाई’. सैन्य वाट चढून येतंय. हा शब्द लांबवत, दम संपेपर्यंत म्हणायचा. चिरेच्या माथ्यावर पूर्वजांनी मोठाले धोंडे रचून ठेवले होते आणि ते सगळे खैराच्या एका पाचरीवर तोलले होते. चढाईची हाळी झाली की कोणी काही विचारायचं नाही. पाचर ठोकून काढायची, की धोंडे खाली आणि वाट बंद. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानंही ती हाळी कधी ऐकली नव्हती. तिची चाल तेवढी बाप मुलाला कानात शिकवी, अगदी हळू आवाजात.

हाळकऱ्याला एक नियम होता. उन्हं चढू लागली की दरीतलं धुकं वरून विरत जाई. त्यामुळे येणाऱ्यांची डोकी आधी दिसत, मग खांदे, आणि पाय सगळ्यात शेवटी. त्या गावाचं म्हणणं असं की डोकी खोटं बोलतात. पागोटं काय, कोणीही कसंही बांधील. पण चोराची टाच जमिनीला टेकत नाही, सैनिकांचे पाय एका वेळी पडतात आणि दमलेल्या वाटसरूचा पाय फरफटत येतो. म्हणून नियम असा होता, की पाय दिसल्याशिवाय शब्द उच्चारायचा नाही.

आपल्या गोष्टीतला हाळकरी आवाजानं मोठा आणि मनानं फार मऊ होता. बायको वारली होती. एकच लेक होती, ती खालच्या मुलखात दिली होती. लेक सासरी गेल्यापासून त्याचं घर इतकं शांत झालं होतं, की संध्याकाळी तो स्वतःशीच खोकून बघे. रोज सकाळी खडकावर उभा राहिला की तो वैरी नंतर शोधायचा, आधी लेक शोधायचा. कोणाला सांगायचा नाही, पण खरं तसंच होतं.

एकदा काय झालं, वानरं आली आणि गावच्या नाईकांच्या झाडाचे फणस फोडून गेली. हाळकऱ्यानं झडपेची हाळी दिली, गुराखी तेवढे बाहेर आले. संध्याकाळी नाईक खडकापाशी आले. तोंड उतरलेलं होतं.

“हाळकरी, फणस गेले त्याचं काही नाही,” ते म्हणाले, “पण नाईकाच्या फणसावर नुसती झडप? चार गुराखी आले बघायला. शोभतं का हे?”

“नाईक, वानरं म्हणजे झडपच की.”

“अरे, पण आली कशी होती ती! ठरवून आली होती, अगदी चोरासारखी. धाड म्हटलं असतंस तर तुझा घसा काय बसणार होता?”

हाळकऱ्याला वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाला कशाला दुखवा! पुढच्या खेपेला वानरं आली तेव्हा त्यानं धाडीची हाळी दिली. सगळं गाव काठ्या घेऊन धावलं. फुटके फणस बघून लोक हळहळले, दोघाचौघांनी नाईकांचं सांत्वन केलं. नाईक खूश झाले. कोणाचं काही बिघडलं नाही.

थोड्याच दिवसांत कुंभारणीची कोंबडी घारीनं नेली. हाळकऱ्यानं पुन्हा झडप म्हटलं. कुंभारीण पदर खोचून खडकावर हजर.

“दादा, नाईकाचे फणस ते फणस, आन् माझी कोंबडी काय झाडाला लागली होती? रोज अंडं द्यायची बिचारी. तिच्यासाठी तुझ्या तोंडून धाड निघंना?”

ज्याचं गेलं त्याला ते डोंगराएवढंच असतं. हाळकऱ्याला वाटलं, मोठा शब्द दिला की माणसाचं दुःख थोडं हलकं होतं, मग का देऊ नये? आणि दुसरंही एक होतं. शब्द मोठा दिला की माणसं खडकावर येत. ‘काय दिसलं, कुठून आले, किती होते’ असं विचारत, त्याच्याजवळ बसत. लेक गेल्यापासून त्याच्याशी इतकं कोणी बोललं नव्हतं. मला त्याचा राग यायला हवा, पण येत नाही.

मग प्रत्येकाच्या नुकसानीला धाड हवी झाली. रोजच धाड होऊ लागल्यावर बायका पेवावर दगड सरकवेनाशा झाल्या. ‘असेल कोणाचं मांजर’ म्हणून दळत राहू लागल्या. म्हणून रानडुकरांना छापा म्हणावं लागलं. मग छाप्यालाही कोणी हलेना. शेवटी एका सकाळी कोणाच्या तरी गुळाला मुंग्या लागल्या आणि गावात वेढ्याची हाळी झाली. चुली विझल्या, रांजण भरले, पोरांना घरात कोंबलं. मुंग्यांनी आपला गूळ खाल्ला आणि त्या निघून गेल्या.

तुम्ही हसता आहात. पण त्या गावात तेव्हा कोणी हसलं नाही.

कारण कानांवर रोज जे पडतं ते हळूहळू डोळ्यांतही उतरतं. एकानं शेजाऱ्याला बजावलं, “तुझ्या भोपळ्याच्या वेलानं माझ्या कुंपणाला वेढा घातलाय, सांगून ठेवतो.” सून सासूच्या चुलीपाशी गेली तर तो छापा झाला. लोक उशाशी गोफण घेऊन निजू लागले. स्वप्नंही बदलली. पूर्वी त्या गावातल्या माणसांना उडण्याची स्वप्नं पडत, धुक्यावरून अलगद चालत पलीकडच्या डोंगरावर गेल्याची पडत. आता सगळ्यांच्या स्वप्नात एकच धुकं येई आणि त्यातून कोणीतरी वर चढत असे. चेहरा दिसायच्या आत जाग येई आणि हात उशाशी गोफण चाचपत राही.

खालून मीठ घेऊन येणारी माणसं असत. ती वर आली की पूर्वी त्यांना ताक मिळे. आता गावकरी त्यांच्या गोण्या उलट्या करून बघत. मीठवाले येईनासे झाले. एकच म्हातारा मीठवाला जुन्या ओळखीनं येत राहिला आणि त्यानंच हाळकऱ्याला निरोप आणला.

“तुमच्या लेकीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण म्हणून कापणी उरकली की माहेरी येणार म्हणते.”

हाळकऱ्याला काय करू आणि काय नको असं झालं. त्यानं बाज नव्यानं विणली. रानात हिंडून खायचा डिंक गोळा केला. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला कुंभारणीला दिली आणि ती कधी होते म्हणून तिला इतकं सतावलं, की ती म्हणाली, “दादा, आता तुलाच टाके घालाया बसवीन हां.” या एका दिवसासाठी तो जगत होता. लेक त्या पायऱ्या चढून वर येईल, बाळ आपल्या घरात रडेल आणि घर पुन्हा घर होईल, एवढंच त्याला हवं होतं.

खडकाच्या कडेला उघड्यावरच एका टिटवीनं अंडी घातली होती. ढग सरकला तरी ती ओरडे, पान पडलं तरी ओरडे. एका पहाटे धुकं अगदी खडकाला टेकलं होतं आणि आजूबाजूला दुसरं काहीच दिसत नव्हतं. तेव्हा हाळकरी तिला म्हणाला, “बाई, दिवसभर ओरडतेस. थकत नाहीस का?”

“अंडी उघड्यावर असली की थकायला कुठलं होतंय?” टिटवी म्हणाली. “तूही हल्ली माझ्यासारखाच ओरडतोस.”

“मग बरंच झालं की. सोबत झाली.”

“बरं कसं होईल?” टिटवीनं मान वाकडी केली. “मी कितीही ओरडले तरी माझ्या ओरडण्यानं कोणाचं डोकं फुटत नाही. माझ्यामागं कोणी उभं नाही. तुझ्यामागं अख्खं गाव उभं आहे, हातात दगड घेऊन.”

हाळकरी हसला. पाखराचं काय ऐकायचं, असं त्याला वाटलं असेल. किंवा ऐकूनही ते त्याला नको असेल. तेवढ्यात धुकं हललं, टिटवी पुन्हा ओरडू लागली आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

कापणी संपली. त्या सकाळी धुकं नेहमीपेक्षा दाट होतं. इतकं दाट, की हाळकऱ्याला पसरलेल्या हाताची बोटं दिसत नव्हती. हल्ली गावातली माणसं पहाटेच खडकावर जमत. रोज काहीतरी दिसायचंच, मग घरी बसून ते चुकवायचं कशाला? नाईक पुढं होते. त्यांच्यामागं गोफणी घेतलेले गडी आणि त्यांच्यामागं बायका उभ्या होत्या.

खालून आवाज आला. पुष्कळ माणसांचा, एका ठेक्यात येणारा, घोगरा हुंकार. तो धुक्यातून वर येत होता आणि पुन्हा बुडत होता.

मग उन्हाची एक तिरीप पडली, वरचं धुकं जरा विरलं आणि त्यातून लांब दांडे वर आले. एक, मग आणखी, मग बरेच. ते डुलत डुलत वर चढत होते.

“भाले!” मागून कोणीतरी म्हणालं.

“हाळकरी, भाले आहेत!” नाईकांनी त्याचा दंड धरला. “कशाची वाट बघतोस?”

“पाय दिसू देत, नाईक.”

“पाय दिसेपर्यंत ते मानेवर बसतील. मुंग्यांना वेढा म्हणालास, मग यांना काय म्हणणार आहेस?”

हाळकऱ्यानं तोंड उघडलं आणि त्याला कळलं, की त्याच्याजवळ दुसरा शब्दच उरला नाही. झडप म्हटलं असतं तर लोक हसले असते. धाडीला कोणी हललं नसतं. छापा रानडुकरांना देऊन झाला होता, वेढा मुंग्यांना. गप्प राहायचं, हा एक मार्ग होता. पण तेवढ्यात त्याच्या मनात दुसरीच गोष्ट आली. याच वाटेनं लेक यायची आहे. आज येईल, उद्या येईल. जड अंगानं एकटी पायऱ्या चढत येईल आणि वाटेत हे भाले उभे असतील. लेकीच्या काळजीनं त्याचा श्वास भरून आला आणि बापानं कानात शिकवलेली ती चाल त्याच्या तोंडून आपसूक बाहेर पडली.

“चढाऽऽऽई!”

दम संपेपर्यंत तो शब्द चालला. दरीनं तो घेतला आणि परत दिला. कोणी काही विचारलं नाही. दोघा गड्यांनी पाचर ठोकून काढली. पूर्वजांनी रचलेले धोंडे आधी जरासे कुरकुरले, मग एकामागून एक धुक्यात उतरले. खाली काय होतंय ते दिसत नव्हतं. नुसता आवाज येत होता, पायांखालचा खडक थरथरत होता आणि धुकं खालून घुसळल्यासारखं वर उसळत होतं.

मग सगळं शांत झालं. नाईक म्हणाले, “जिंकलो.” पण ते हळूच म्हणाले.

त्या शांततेत धुक्यातून एक बारीक आवाज वर आला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, पाखरू असेल. मग तो पुन्हा आला, चांगला जोर धरून आला, आणि बायकांना तो आधी ओळखू आला. कुंभारणीच्या हातातली काठी गळून पडली.

“अगं बाई,” ती म्हणाली, “बाळ रडतंय.”

सैन्यात बाळ कुठून येणार? गोफणी खाली आल्या. कोणी कोणाकडं बघेना. ऊन आणखी वर आलं आणि धुकं शांतपणे खाली बसत गेलं, रोज बसतं तसंच. दिसले ते डोलीचे दांडे आणि चढणीला टेकायच्या लांब काठ्या, काही धड आणि काही मोडलेल्या. फुटलेल्या घागरी दिसल्या, सांडलेले तांदूळ दिसले. मग पाय दिसले. दमलेले, भेगाळलेल्या टाचांचे, जोडवी घातलेले. त्यांत दोघांचे पाय हलत नव्हते.

झालं होतं ते असं. लेकीला वाटेतच कळा सुरू झाल्या होत्या. म्हणून सासरच्या माणसांनी खांदे बदलत तिची डोली वर आणली होती. तो घोगरा हुंकार डोली वाहणाऱ्यांचा होता. बरोबर बायका होत्या, पाण्याच्या घागरी होत्या, बाळंतिणीसाठी तांदूळ होते. वरून हाळी झाली तेव्हा लेकीनं आवाज ओळखला आणि ती हसून म्हणाली, “आबा आहेत. आपलं स्वागत करताहेत.” ती हाळी तिनंही जन्मात कधी ऐकली नव्हती. पुढच्या दोघांनी धोंडे येताना पाहिले, डोली कपारीत ढकलली आणि ते स्वतः बाहेर राहिले. त्यातला एक तिचा चुलत दीर होता. त्याच कपारीत, धोंड्यांच्या आवाजात, तिची मुलगी जन्माला आली.

“आबा!” खालून हाक आली. “आबा, आम्ही आहोत!”

हाळकऱ्याला ओ देता आली नाही. गावातला सगळ्यात मोठा आवाज त्याचा होता, आणि त्याला स्वतःच्या लेकीला ओ देता आली नाही. मधे चीर धोंड्यांनी गच्च भरली होती. वर यायची वाट नव्हती, खाली जायची वाट नव्हती. खालच्या लोकांनी आपली दोन माणसं उचलली, बाळंतिणीला उचललं आणि ते परत गेले. त्यांचे पाय बराच वेळ दिसत होते.

त्या दिवसानंतर गावात हाळी झाली नाही. हाळकरी घण घेऊन धोंडे फोडायला बसला. सुरुवातीला तो एकटाच होता. लाजेनं कोणी त्याच्याजवळ जाईना. मग कुंभारीण टोपली घेऊन आली, मग गुराखी आले, आणि बऱ्याच उशिरा नाईक आले. तेही खडी उचलू लागले. पूर्वजांनी धोंडे असे रचले होते, की टाकायला एक शब्द पुरेल. काढायचं कसं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पावसाळे येत गेले आणि जात गेले. लहान पोरं मोठी होऊन घण उचलू लागली.

शेवटी एका दिवशी चिरेतून माणूस जाईल एवढी फट झाली. हाळकरी त्याच दिवशी निघाला. केस पांढरे झाले होते, हातांना घट्टे पडले होते. डिंकाचे लाडू फडक्यात बांधून घेतले होते. खालच्या गावात तो आधी धोंड्यांखाली गेलेल्या त्या दोघांच्या घरी गेला. एक दार उघडलंच नाही. दुसऱ्या दारातल्या म्हातारीनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो उंबऱ्यावर डोकं टेकून परत फिरला आणि लेकीच्या घरी आला.

लेकीनं पाय धुवायला पाणी दिलं. गुळाचा खडा दिला. डोळे पुसले, बापाचे आणि स्वतःचे. मग आत वळून तिनं हाक मारली, “बाय, बाहेर ये. बघ कोण आलंय. आजोबा आलेत.”

दाराआडून एक पोर बाहेर आली. डोळे अगदी आईसारखे होते. ‘आजोबा’ हा शब्द ऐकल्याबरोबर तिनं दोन्ही हात डोक्यावर धरले आणि घाबरून वर आभाळाकडं पाहिलं.

हाळकऱ्याला आधी काही कळलं नाही. तोही वर बघायला लागला. आभाळ मोकळं होतं.

“मी नाही शिकवलं, आबा,” लेक मान खाली घालून म्हणाली. “इथली पोरं खेळतात तसं. एक ओरडतो ‘आजोबा आले’, की बाकीची डोक्यावर हात धरून पळतात.”

हाळकरी जमिनीवर बसला. लाडू त्यानं बाजूला ठेवले. आपले दोन्ही हात पोरीला दिसतील असे मांडीवर उघडे ठेवले आणि अगदी हळू, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला, “काही नाही, बाळ. वर काही नाही.” संध्याकाळ होईपर्यंत तो तसाच बसून राहिला. पोर दारातूनच त्याच्याकडं बघत होती, आणि तिनं डोक्यावरचे हात काही खाली घेतले नाहीत.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढंच लक्षात ठेवा: जे आलं त्याला हल्ला म्हटलं की पुढचा हल्ला आपल्याच हातून होतो, म्हणून नाव देण्याआधी नीट पाहावं.